तिसऱ्या पायरीवरचा दगड उपसू नका: नगरपरिषदेस खुले पत्र

मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि तळे सुशोभीकरण समितीचे सर्व सदस्य यांना,

स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी तळ्याच्या कमानीवर फ्लेक्स लागला. संगीत कारंजे, नौकाविहार, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट, ‘लवकरच आपल्या सेवेत’. फ्लेक्सवर सतरा माणसांचे फोटो आहेत, तळ्याचा एकही नाही. जे आहे ते संगणकावर काढलेलं चित्र, आणि त्यातलं पाणी पोहण्याच्या तलावासारखं निळंशार आहे. आपलं तळं कुठल्याच ऋतूत त्या रंगाचं नसतं. पावसाळ्यात ते चहासारखं दिसतं, दिवाळीनंतर हिरवट, आणि मार्चमध्ये काठाच्या दगडांवर सोनेरी तपकिरी साय धरते. हे पत्र त्या सायीबद्दल आहे.

मी इथल्या महाविद्यालयात बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते. आपल्या कार्यालयात या विषयावर तीन अर्ज दिले. तिन्हींना आवक क्रमांक मिळाला, उत्तर एकालाही नाही. 27 जानेवारीला पंप लावून तळं कोरडं करणार असं ठेकेदाराच्या माणसाकडून कळलं, तुमच्याकडून नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. पत्रात तळ्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, तुमचीही नावं नाहीत. आपल्याच गावात राहायचं आहे, रोज समोरासमोर येणार आहोत. आणि असाच फ्लेक्स महाराष्ट्रातल्या आणखी कितीतरी तळ्यांवर लागलेला असणार, तिथल्या लोकांनाही हे वाचता यावं.

आधी माझा संबंध सांगते. उत्तरेकडचा दगडी घाट तुम्ही पाडणार आहात, तिथे आई धुणं धुवायची. मी सहा वर्षांची असताना पाण्याखालच्या पायरीवरून घसरले आणि हनुवटीला तीन टाके पडले. आई त्या पायरीला ‘शेवाळलेली मेली’ म्हणायची. त्या शेवाळाला डायटम म्हणतात हे मला एम.एस्सी.ला गेल्यावर कळलं. थोडक्यात, आमची ओळख जुनी आहे आणि तिची सही अजून माझ्या हनुवटीवर आहे.

डायटम म्हणजे एका पेशीचं शैवाल. मराठीत त्याला करंडक वनस्पती असाही शब्द आहे, आणि तो फार नेमका आहे. कुंकवाच्या करंड्याला जसं खालचं भांडं आणि वरून बसणारं झाकण, तसं या पेशीला दोन भागांचं कवच असतं. हा करंडा सिलिकाचा, म्हणजे काचेच्याच जातीच्या पदार्थाचा. त्यावर रेघा, छिद्रं, खाचा असं नक्षीकाम असतं आणि प्रत्येक जातीची नक्षी वेगळी. पृथ्वीवर होणाऱ्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण पाचवा हिस्सा हे जीव करतात, समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले मिळून. पोलीस खात्यातल्या लोकांना ते वेगळ्या कारणानं माहीत असतील: पाण्यात सापडलेला माणूस बुडून मेला की मेल्यावर टाकला, हे पाहताना हाडाच्या मगजात डायटम शोधतात. वर्तमानपत्रात ‘डायटम टेस्ट’ येते ती हीच.

2021 च्या दिवाळीनंतर तृतीय वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक होतं. पाच दगड, एक ट्रे, एक टूथब्रश. मुलांना वाटलं मॅडम चेष्टा करतायत. पण जगभर असंच गोळा करतात: पाण्यातला दगड उचलायचा, ट्रेमध्ये धरून ब्रशनं घासायचा, जे तपकिरी पाणी निघेल ते बाटलीत. मग ते नायट्रिक आम्लात उकळायचं. जिवंत भाग सगळा जळून जातो, उरतात फक्त काचेचे करंडे. आम्ल जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. आमचा सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ खाली बसवणारं यंत्र) तेव्हा बंद होता, म्हणून रात्री ठेवायचं आणि सकाळी वरची निवळ हलक्या हातानं ओतायची, असं सहा दिवस चाललं. शेवटी एक थेंब काचपट्टीवर, नॅफ्रॅक्स नावाच्या राळेत बसवून. साधी राळ चालत नाही. काचेत काच ठेवली तर ती दिसणार कशी? ज्यातून प्रकाश बराच जास्त वाकतो अशी राळ लागते, तेव्हा कुठे रेघा उमटतात.

त्या काचपट्टीवर एका मुलीला गदेसारखा आकार दिसला, एक टोक रुंद, दुसरं निमुळतं. हा गोम्फोनेमा वंश, तो आपल्याकडे भरपूर आहे. चिकट देठानं दगडाला धरून उभा राहतो. तिनं पुस्तकात पाहिलं, जुळेना. मी पाहिलं, मलाही जुळेना. 1984 मध्ये औरंगाबादहून निघालेलं सरोदे आणि कामत यांचं महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवरचं पुस्तक आमच्याकडे आहे, पाठीचा कणा मोडलेला. त्यात नाही. रेघा फार विरळ होत्या, आणि मधल्या भागात जो एकुलता एक ठिपका असतो त्याची जागा वेगळी होती.

इथे कुणाला वाटेल, मिळाली नवी जात, करा जाहीर. तसं नसतं, आणि हेच मला तुम्हाला समजावून सांगायचं आहे, कारण तुमची 27 तारीख इथेच आड येते.

डायटमची पेशी दुभागते तेव्हा दोन्ही लेकींना आईचा एकेक भाग मिळतो. एकीला वरचं झाकण, दुसरीला खालचं भांडं. प्रत्येक जण मिळालेल्या भागाला झाकण मानते आणि त्याच्या आत बसेल असं भांडं नवीन करते. म्हणजे जिला भांडं मिळालं ती आईपेक्षा किंचित लहान. तिची लेक आणखी लहान. असं कित्येक पिढ्या चालतं, आणि लहान होताना आकारही बदलतो. लांबट असलेली आखूड दिसू लागते, टोकं बोथट होतात. एका मर्यादेनंतर लैंगिक प्रजनन होऊन पुन्हा पूर्ण मापाची पेशी तयार होते. आजी आणि खापरपणती शेजारी ठेवल्या तर परक्या वाटतील. त्यामुळे नवी जात म्हणून जे दिसतं ती जुन्याच जातीची आखूड झालेली पिढी असू शकते. जुन्या ग्रंथांमध्ये अशा चुका झालेल्या आहेत. ती शंका फेडायची तर सगळ्या मापांची रांग लावावी लागते, मोठ्यातल्या मोठ्यापासून लहानातल्या लहानापर्यंत, आणि त्यासाठी वेगवेगळ्या ऋतूंतले नमुने लागतात. आमच्याकडे पावसाळ्यानंतरचे आणि हिवाळ्याचे नमुने पुरेसे आहेत. उन्हाळ्याचे दोनच, त्यातला एक मुलांच्या हातून सांडला. येत्या मार्च ते मेमध्ये ती रांग पूर्ण व्हायची आहे.

मधल्या काळात दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी केली. सोन्याचा पातळ मुलामा देऊन आत ठेवलं आणि ज्या रेघा म्हणून मोजत होतो त्या छिद्रांच्या ओळी निघाल्या. तासाप्रमाणे पैसे लागतात. पहिल्या वेळी माझे, दुसऱ्या वेळी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली. नगरपरिषदेकडे मी कधी एक रुपया मागितलेला नाही, हे नमूद करून ठेवते.

नाव द्यायचे नियमही कडक आहेत. शैवाल, बुरशी आणि वनस्पती यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. वर्णन छापून यावं लागतं, आकृती लागते, आणि नमुना म्हणून एक ठरावीक काचपट्टी मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहालयात जमा करावी लागते. पुढे कधीही वाद झाला तर त्या पट्टीकडे बोट दाखवायचं. 2011 अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्येच लागायचं, 2012 पासून इंग्रजीही चालतं. मराठी अजूनही चालत नाही. म्हणून निदान हे पत्र तरी मराठीत लिहून घेते. नाव आम्ही ठरवलेलं आहे, पण रीतसर छापून येईपर्यंत ते उच्चारायचं नसतं, त्यामुळे इथेही लिहीत नाही आणि मोजमापंही देत नाही. आपल्या 2002 च्या जैवविविधता कायद्यातही कलम 39 आहे: कुणालाही नवी जात सापडली तर तिची माहिती नेमलेल्या संस्थेला द्यायची आणि नमुना तिथे जमा करायचा. हे सगळं मी करणार आहे. कायद्यानं माझ्यावर टाकलेलं काम मला ठाऊक आहे. आता तुमच्यावर टाकलेल्या कामाबद्दल बोलू.

तुमच्या प्रकल्प अहवालाची प्रत मी माहिती अधिकारात मिळवली. एकशे बारा पानं. ‘पर्यावरण’ या शीर्षकाखाली दीड पान, त्यात एक वाक्य: तळ्यात उल्लेखनीय जैवविविधता आढळून आली नाही. आढळून आली नाही म्हणजे कुणी पाहिली? कधी? कशानं? पाण्याचा एकही नमुना घेतल्याची नोंद अहवालात नाही. ‘गाळ आणि शेवाळ यांनी तळे मृतप्राय झाले आहे’ हे वाक्य मात्र तीन ठिकाणी आहे, शुद्धलेखनाच्या त्याच चुकांसकट. जे जिवंत आहे त्यालाच मरणाचं कारण ठरवून तुम्ही मोकळे झालात.

तळं आजारी आहे, हे मलाही मान्य आहे. पण आजार कुठे आहे ते पाहा. दक्षिणेच्या टोकाला दोन गटारं थेट तळ्यात उतरतात. तिथले दगड आम्ही घासले तर निट्झशिया पालिया दाटीवाटीनं मिळतो. घाण पाणी सोसणारा डायटम म्हणून तो जगभर बदनाम आहे. आमची नवी जात तिथे एकदाही मिळाली नाही. ती मिळते उत्तरेला, जुन्या घाटाच्या सांध्यांमधून झऱ्याचं पाणी झिरपतं तिथे, पाण्याखालच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या दगडांवर. एकाच तळ्याची दोन टोकं, पाच मिनिटांची चाल, आणि दगडावरची वस्ती पूर्ण वेगळी. युरोपात नद्या-तळ्यांच्या पाण्याची प्रत ठरवताना डायटम मोजतात ते याचसाठी: पाण्याची बाटली भरली त्या क्षणाचं पाणी कळतं, दगडावरची साय मागच्या काही आठवड्यांचं सांगते. आता तुमचा आराखडा बघा. दक्षिणेच्या गटारांसाठी त्यात शून्य रुपये. उत्तरेचा घाट मात्र पूर्ण पाडून काँक्रीटची भिंत आणि वर ग्रॅनाइट. म्हणजे दुखतंय पायाला आणि प्लास्टर हाताला. कारंज्यातून उडणारं पाणी कुठलं असेल, याचा विचार समितीत कुणीतरी केला असेल अशी आशा आहे, कारण ते तुषार बाळगोपाळांच्या तोंडावर येणार आहेत.

दुसरं, रसायनं. निविदेत ‘शेवाळ निर्मूलन’ अशी बाब आहे, त्यात मोरचूद आणि ब्लीचिंग पावडर. मोरचूद शेवाळ मारतं हे खरं. कुठलं मारायचं आणि कुठलं नाही हे त्याला कळत नाही. मासे, गोगलगायी यांनाही ते सोसत नाही. आणि गटारं चालू ठेवून मोरचूद टाकणार असाल तर ते दर वर्षी टाकावं लागेल. ठेकेदाराला ते चालेल, तळ्याला नाही.

तिसरी गोष्ट गाळाची, आणि इथे मला थोडं थांबू द्या. सिलिकाचा करंडा कुजत नाही. डायटम मेला की कवच तळाशी बसतं, त्यावर पुढच्या वर्षीचं, त्यावर त्याच्या पुढचं. तळ्याचा गाळ म्हणजे थरावर थर रचलेलं दप्तर आहे. मोडी वाचणारा माणूस जसा कागदांना बांधलेला रुमाल सोडून जुनी पानं वाचतो, तसं गाळात नळी खुपसून काढलेला दंडगोल वरून खाली वाचत गेलं की कळतं, गटार यायच्या आधी तळं कसं होतं, दुष्काळाच्या वर्षांत पाणी किती आटलं, साबणाचं पाणी कधीपासून यायला लागलं. आपल्या गावाचा लिखित इतिहास ग्रामदैवताच्या बखरीपाशी संपतो. हा दुसरा इतिहास तळाशी पडून आहे. तो जेसीबीनं उचलून बायपासच्या भरावात टाकणार आहात. शेतकऱ्यांना दिला असतात तरी काही बोलले नसते. गाळयुक्त शिवाराची योजना राज्यात आहेच, आणि आजोबांच्या काळी उन्हाळ्यात गाळ शेतात नेत तो तळ्याच्या कडेचा, बैलगाडीनं, थोडा थोडा. तेव्हा तळं कधी पूर्ण कोरडं करत नसत.

चौथी तक्रार कागदोपत्री आहे. त्याच जैवविविधता कायद्याच्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली तेव्हा सगळीकडे घाईघाईनं वह्या तयार झाल्या. आपलीही झाली. मी पाहिली आहे. तळ्याच्या पानावर वड, पिंपळ, बगळा, खंड्या, ‘मासे (विविध)’. समितीची सभा त्यानंतर झाल्याचं इतिवृत्त तुमच्या कार्यालयाला मला दाखवता आलेलं नाही. समितीवर माझं नाव तज्ज्ञ म्हणून आहे, हे मला त्याच दिवशी कळलं.

2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई आहे, असं मी दुसऱ्या अर्जात लिहिलं होतं. त्यावर तोंडी उत्तर मिळालं की तळं मानवनिर्मित आहे, हे नियम लागू नाहीत. पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेली तळी नियमांतून वगळली आहेत, हे बरोबर. आपलं तळं मुळात झऱ्याचं, त्याला नंतर बांध घातला. ते कशात मोडतं हे ठरवायला कागदपत्रं पाहावी लागतील, नुसती मान हलवून ते ठरत नाही. पण मी त्या वादात अडकून राहणार नाही. कायदा लागू नसला तर तळं जपू नये असं कुठे आहे?

शेजारच्या सिंधुदुर्गाचं उदाहरण घ्या. आंबोलीला हिरण्यकेशीच्या मंदिराजवळच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाची नवी जात 2020 मध्ये वर्णन केली गेली, आणि 2021 मध्ये राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सव्वादोन हेक्टरसुद्धा नाही, 2.11. एका बोटाएवढ्या माशासाठी सरकारनं ते केलं, याचं मला फार कौतुक आहे. माझी जात केसाच्या जाडीच्या जवळपास निम्मी आहे. ती दिसत नाही, एवढाच तिचा गुन्हा. 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा ते करणारे जीवही डोळ्यांना न दिसणारेच होते. पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेनं ते हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, असल्याचं सांगितलं. रंग दिसला म्हणून देश जागा झाला. आपल्या तळ्याचा रंग तपकिरी आहे, त्याला मी काय करू?

पहिला अर्ज द्यायला आले होते तेव्हा एका साहेबांनी विचारलं, “मॅडम, शेवाळासाठी तीन कोटींचं काम थांबवायचं?” सगळे हसले. मीही हसले, कारण प्रश्न रास्त होता. आणखी एकानं विचारलं, “याच्यापासून औषध वगैरे निघतं का?” निघत नाही. निदान मला माहीत नाही. या एका जातीवाचून गावाचा श्वास अडेल, असलं खोटं मी बोलणार नाही. उपयोगाचं बोलायचं तर कारंज्याचाही मला सांगा.

पण एक सांगते. डायटम अभ्यासणाऱ्यांत हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी हे नाव फार आदरानं घेतात. 1950 च्या दशकात त्यांनी कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळगड या भागांतल्या पाण्यातले डायटम गोळा केले, रेखाटले, कित्येक नव्या जातींची वर्णनं केली. तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्यांच्या हाती नव्हता; डोळा, भिंग आणि पेन्सिल. पुढे अर्धशतक उलटलं. त्यांनी काढलेल्या आकृत्यांमधली नेमकी कुठली जात ती, ती खरंच वेगळी की परदेशातल्या कशाशी एकच, हे प्रश्न उभे राहिले. 2012 मध्ये कार्तिक बालसुब्रमण्यन आणि पॅट्रिक कोसिओलेक यांनी गांधींनी कोल्हापुरातून नोंदवलेल्या गोम्फोनेमांची नव्यानं छाननी केली, नावांना नमुने जोडून दिले, आणि सह्याद्रीच्या या भागात काय आपलं आहे ते मांडलं. कुणाच्याही कामाकडे पन्नास-साठ वर्षांनी परत यावं लागतं, हा या शास्त्राचा स्वभावच आहे. संग्रहालयात काचपट्टी असते, पण ती मेलेली कवचं. देठ कसा, वस्ती कशी, कुठल्या दगडावर, कुणाच्या शेजारी, हे पाहायला मूळ जागेवरच यावं लागतं. आमची जात प्रयोगशाळेत जगवायचा प्रयत्न आम्ही चार वेळा केला. आठवड्याभरात संपली. आजच्या घडीला ती जिवंत असल्याचं मला ठाऊक असलेलं ठिकाण एकच. दुसरीकडे असेलही. आजूबाजूची अकरा तळी आम्ही घासली, मिळाली नाही.

सुशोभीकरणाला माझा विरोध आहे, असं पसरवलं जातंय म्हणून ऐकते. मीही रोज संध्याकाळी तळ्याभोवती चालते. चालायला धड वाट नाही, पूर्वेच्या बाजूला दिवे नाहीत, बायका अंधार पडायच्या आत परततात. वाट करा, दिवे लावा, बाकं ठेवा, स्वच्छतागृह तर आधी करा. वडापावच्या गाड्यांना जागा द्या. यातल्या कशालाही तळं कोरडं करावं लागत नाही आणि घाट पाडावा लागत नाही.

माझ्या मागण्या लिहिते. यातली एकही खर्चिक नाही.

तळं कोरडं करायचं काम 31 मेपर्यंत थांबवा, म्हणजे उन्हाळ्याचे नमुने पूर्ण होतील. त्यानंतरही तळं एकदम संपूर्ण उपसू नका. गाळ काढायचाच असेल तर दक्षिणेकडून, अर्धं पाणी राखून काढा.

उत्तरेचा दगडी घाट, पिंपळापासून दत्ताच्या देवळापर्यंतचा साधारण साठ मीटरचा भाग, आहे तसा ठेवा. ढासळलेले दगड पुन्हा बसवायचे असतील तर चुन्यात बसवा, सांधे सिमेंटनं बुजवू नका. झरा त्यातूनच येतो.

मोरचूद आणि ब्लीचिंग पावडर निविदेतून काढा. ते पैसे दोन गटारं वळवायला लावा. कमी पडतील हे मला कळतं, पण सुरुवात तरी तिथून होऊ दे.

गाळाला हात लावण्याआधी एक दिवस आम्हाला द्या. एक नळी, एक होडी, चार मुलं. दंडगोल आम्ही काढून नेऊ, जपून ठेवू.

जैवविविधता व्यवस्थापन समितीची सभा बोलवा. नोंदवहीत तळ्याच्या पानावर ही जात चढवा. नाव छापून आलं की भरू, तोवर ‘गोम्फोनेमा, अवर्णित’ असं लिहिलं तरी चालेल. उत्तर काठ वारसा स्थळ होऊ शकतो का याचा ठराव राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा. मंडळ नाही म्हणालं तर मी ते मान्य करीन. पण विचारा तरी.

आणि उत्तर लेखी द्या, 27 जानेवारीच्या आत. ‘होय’ असो की ‘नाही’. नकार असेल तर कारणासह.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका
(आपल्याच जैवविविधता समितीची तज्ज्ञ सदस्य)

ता.क. शोधनिबंधाचा मसुदा झाला आहे, उन्हाळ्याची मापं तेवढी भरायची आहेत. त्यात ‘मूळ ठिकाण’ असा एक भाग असतो. अक्षांश, रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जागेचं दोन ओळींत वर्णन. मी सध्या लिहिलंय: तळ्याचा उत्तर काठ, जुना दगडी घाट, पाण्याखालची तिसरी पायरी, दगड. इंग्रजीत तिथे क्रियापद घालायची गरज पडत नाही, पण पुढच्या परिच्छेदात पडते. घाट ‘आहे’ लिहायचं की ‘होता’, ते तुमचं पत्र आल्यावर ठरवीन.